सॉर्टच्या लायब्ररीत आपली चार फंक्शनं घालताना

मामांची नागपूरच्या कळमना बाजारात अडत आहे. संत्र्याच्या हंगामात पहाटेपासून गाड्या लागतात, आवक वहीत चढत जाते, आणि मग दिवसभर तीच आवक प्रत्येकाला निराळ्या क्रमाने हवी असते. हमालांना गाळ्याप्रमाणे, मुनीमजींना बागायतदाराच्या आडनावाप्रमाणे, खरेदीदाराला मालाच्या आकाराप्रमाणे, आणि मामांना गावाप्रमाणे, गावात पुन्हा वजनाप्रमाणे. घरात कॉम्प्युटरवाला मी एकटाच. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत सॉर्ट, म्हणजे यादी क्रमाने लावायची सोय, तयार आहे, रविवारी दोन तासांत करून देतो, असं मी सांगून बसलो.

सॉर्ट खरंच तयार होता. बाकीचं तयार नव्हतं. वजन सारखं असेल तर वर कोण? वजनाची चिठ्ठीच आली नसेल तर ती नोंद कुठे? काळे आधी की कावळे? भाषेच्या लायब्ररीला, म्हणजे भाषेबरोबर तयार मिळणाऱ्या फंक्शनांच्या संग्रहाला, या प्रश्नांशी देणंघेणं नसतं. त्यांची उत्तरं एकदा ठरवून एका नावाखाली ठेवली, की झालं सोयीचं फंक्शन. अशी फंक्शनं कशी लिहायची ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. पायथॉनमधली लिस्ट, डिक्शनरी आणि साधं फंक्शन एवढं येत असेल तर पुरे.

कोडबद्दल एक सूचना. लेखात सगळं देवनागरीत लिहिलं आहे, कीवर्डसुद्धा. मशीनवर डेफ, रिटर्न, फॉर, सॉर्टेड, की, रिव्हर्स असे भाषेचे शब्द त्यांच्या मूळ स्पेलिंगने टाइप करा, आणि कोडमधल्या संख्या इंग्रजी आकड्यांत. आपण ठेवलेली नावं मात्र देवनागरीत राहिली तरी पायथॉन ३ कुरकुर करत नाही. गो भाषेत हा लाड नाही. तिथे काना-मात्रा अक्षरात धरत नाहीत, त्यामुळे व्हेरिएबलला 'नाव' हे नावसुद्धा देता येत नाही.

आधी घरात काय आहे ते पाहा

पायथॉनमध्ये सॉर्टच्या दोन वाटा आहेत. यादी.सॉर्ट() ही तीच यादी जागेवर लावते आणि परत काही देत नाही. सॉर्टेड(यादी) जुन्या यादीला हात न लावता नवी यादी देते. नवखा माणूस 'यादी = यादी.सॉर्ट()' असं लिहितो आणि अख्खी यादी घालवून बसतो, कारण उजवीकडून परत येतं ते नन, म्हणजे 'काहीच नाही'. हे प्रत्येकाच्या हातून एकदा होतंच, तुमच्याही होईल.

दोन्ही वाटांना की नावाचा पॅरामीटर आहे. त्यात फंक्शन द्यायचं. नोंद दिली की ज्यावरून लावायचं ते मूल्य त्याने काढून द्यायचं. सॉर्ट हे फंक्शन प्रत्येक नोंदीसाठी एकदाच बोलावतो, तुलना कितीही झाल्या तरी. म्हणून की थोडी जड असली तरी चालते, आणि पुढे आडनावांसाठी आपण याचाच फायदा घेणार आहोत.

तिसरी गोष्ट स्थिरता. कसोटीवर सारख्या उतरलेल्या दोन नोंदी सॉर्टच्या आधी ज्या क्रमाने होत्या, त्याच क्रमाने नंतरही राहतात. पायथॉनचा सॉर्ट म्हणजे टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट. तो यादीत आधीपासून क्रमाने असलेले तुकडे शोधतो आणि ते जोडत जातो. पुस्तकात स्थिरतेची व्याख्या वाचून मला ती फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. कळमन्यात वाटली.

झालं असं. मामांना जास्त वजनाचा माल वर हवा होता. मी वजनाप्रमाणे चढत्या क्रमाने सॉर्ट केलं आणि मग यादी.रिव्हर्स() मारून अख्खी यादी उलटी केली. उतरता क्रम मिळाला, बिल छापलं, मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी फोन: "काहून बे, नरखेडवाला पहाटे चारला आला, अन् तू त्याले खाली टाकलं?" नरखेडच्या आणि काटोलच्या दोन गाड्यांचं वजन अगदी सारखं होतं. नरखेडची आधी आलेली, वहीत आधी चढलेली. यादी उलटी करताना सारख्या वजनाच्या गाड्यांचा आपसातला क्रमही उलटा झाला होता. अडतीत जो आधी आला त्याचा नंबर आधी, आणि तो बागायतदार तिथेच उभा राहून यादी वाचत होता.

सॉर्टलाच रिव्हर्स=ट्रू दिलं असतं तर हे झालं नसतं. तेव्हा क्रम उतरता लागतो, पण सारख्या नोंदी मूळ क्रमातच राहतात. सॉर्ट करून मग यादी उलटी करणं आणि उलट्या क्रमाने सॉर्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या सगळ्या सोयीच्या फंक्शनांनी ही स्थिरता सांभाळली पाहिजे. सोय म्हणून दिलेल्या फंक्शनाने ती गुपचूप मोडली, तर वापरणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

कोणतं लिहायचं, कोणतं नाही

माझा नियम असा: तेच तीन-चार ओळींचं काम तीन ठिकाणी लिहून झालं असेल, आणि त्यातल्या एका ठिकाणी तरी चुकलं असेल, तरच फंक्शन. नुसतं लांबलचक वाटतं म्हणून नाही. वजनाप्रमाणे सॉर्ट करायला एक ओळ लागते, त्यासाठी 'वजनाप्रमाणे' नावाचं फंक्शन काढलं तर वाचणाऱ्याला आत डोकावून बघण्याचं काम तेवढं वाढतं.

आधीच असलेलंही पुन्हा लिहू नका. सर्वांत जड पाच गाड्या हव्या असतील तर हीपक्यू मॉड्यूलमध्ये एनलार्जेस्ट आहे, एकच हवी असेल तर मॅक्सला की देता येते. मी पहिल्या आठवड्यात 'वरचे_काही' नावाचं फंक्शन लिहिलं होतं. ते पुसलं.

पहिलं फंक्शन: दोन-तीन कसोट्या, दिशा वेगवेगळ्या

मामांची मागणी: गाव चढत्या क्रमाने, गावात वजन उतरत्या. वजन संख्या आहे, म्हणून कीमध्ये (गाव, उणे वजन) अशी जोडी देऊन भागतं. पण आडनाव उतरत्या क्रमाने हवं असेल तर? अक्षरांपुढे उणे चिन्ह लागत नाही. इथे स्थिरताच कामी येते.

चढता = फॉल्स
उतरता = ट्रू

डेफ क्रमाने(यादी, *नियम):
    उत्तर = लिस्ट(यादी)
    फॉर कसोटी, दिशा इन रिव्हर्स्ड(नियम):
        उत्तर.सॉर्ट(की=कसोटी, रिव्हर्स=दिशा)
    रिटर्न उत्तर

'नियम'पुढच्या चांदणीमुळे कितीही नियम देता येतात. वापरताना ते जवळजवळ मराठी वाक्यासारखं वाचलं जातं:

क्रमाने(आवक, (गाव, चढता), (वजन, उतरता))

गाव आणि वजन ही इथे दोन छोटी फंक्शनं आहेत, नोंद घेऊन तिचं गाव किंवा वजन देणारी. आत नियम उलटे फिरवले आहेत, शेवटचा नियम आधी. नवख्यांना हेच पटत नाही, म्हणून हाताने करून बघू. आवक अशी धरा: पहिली गाडी नरखेड ९ क्विंटल, दुसरी काटोल १२, तिसरी नरखेड १४, चौथी काटोल १२, पाचवी सावनेर १०.

आधी वजन उतरत्या क्रमाने: तिसरी, दुसरी, चौथी, पाचवी, पहिली. दुसरी आणि चौथी दोन्ही १२ क्विंटल, पण दुसरी आधी आली म्हणून वर. आता या लागलेल्या यादीवर गावाचा सॉर्ट. काटोलच्या दोन गाड्या एकत्र येतात आणि आपसात दुसरी, चौथी अशाच राहतात. मग नरखेड: तिसरी, पहिली, म्हणजे १४ आणि ९, वजनाचा उतरता क्रम शाबूत. मग सावनेर. गावाच्या सॉर्टने वजनाचा क्रम मोडला नाही, कारण गाव सारखं असलेल्या नोंदी त्याने हलवल्याच नाहीत. एकदा कागदावर पाच नोंदी घेऊन हे करा, मग विसरायला होत नाही.

तीन नियम म्हणजे तीनदा सॉर्ट. दिवसाच्या काही हजार नोंदींना त्याचा पत्ताही लागत नाही. पहिल्याच ओळीत यादीची प्रत घेतली आहे, तीही मुद्दाम: वापरणाऱ्याची मूळ आवक त्याला न विचारता हलवायची नाही.

दुसरं फंक्शन: रिकाम्या जागा

धरमकाट्याची चिठ्ठी यायची असेल तर वजनाच्या जागी नन असतं. नन आणि संख्या यांची तुलना करायला पायथॉन ३ साफ नकार देतो आणि टाइपएररवर थांबतो. पायथॉन २ नन निमूटपणे सर्वांत लहान धरत असे. मला आताची रीत पसंत आहे, निदान गडबड कळते तरी. पण यादी तर लावायचीच आहे, आणि बिनवजनाच्या गाड्या क्रम चढता असो वा उतरता, शेवटीच हव्यात.

डेफ रिकामे_शेवटी(कसोटी, दिशा=चढता):
    डेफ नवी(नोंद):
        मूल्य = कसोटी(नोंद)
        इफ मूल्य इज नन ऑर मूल्य != मूल्य:
            रिटर्न (नॉट दिशा, ०)
        रिटर्न (दिशा, मूल्य)
    रिटर्न नवी

'मूल्य != मूल्य' ही टायपिंगची चूक नाही. एक्सेलची फाइल पांडाज या पायथॉनच्या पॅकेजने उघडली की संख्यांच्या स्तंभातली रिकामी घरं नन होत नाहीत, नॅन होतात, आणि नॅन हे असं मूल्य आहे जे स्वतःशीही बरोबर नसतं. ते ननपेक्षा वाईट. नॅनशी केलेली लहान-मोठ्याची प्रत्येक तुलना खोटी ठरते, एरर येत नाही, आणि सॉर्ट झालेली यादी अर्धवट लागलेली मिळते. वरचा भाग बरोबर दिसतो, म्हणून खालपर्यंत कोणी बघत नाही.

फंक्शन जोडी देतं. जोड्यांची तुलना आधी पहिल्या घराने होते, म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या नोंदी तिथेच वेगळ्या होतात आणि दुसऱ्या घरात संख्येची ननशी गाठ कधीच पडत नाही. दिशा फंक्शनलाही सांगावी लागते. ती सांगितली नाही आणि सॉर्टला रिव्हर्स दिलं, तर रिकाम्या नोंदी उलटून वर येतात. पहिल्या फंक्शनाबरोबर वापरताना दिशा दोनदा लिहावी लागते, हे मला खटकतं. यावर उपाय आहे, पण त्याने 'क्रमाने' इतकं जड झालं की मी दोनदा लिहिणं पत्करलं.

तिसरं: आपण ठरवलेला क्रम

मालाचे आकार तीन: लहान, मध्यम, मोठा. नुसता सॉर्ट लावला तर येतं मध्यम, मोठा, लहान. अक्षरांच्या दृष्टीने बरोबर, धंद्याच्या दृष्टीने निरुपयोगी. चैत्र-वैशाखाचं, सोमवार-मंगळवारचं हेच होतं.

डेफ ठरलेला(कसोटी, क्रम):
    जागा = {मूल्य: आकडा फॉर आकडा, मूल्य इन एन्युमरेट(क्रम)}
    रिटर्न लॅम्डा नोंद: जागा[कसोटी(नोंद)]

लॅम्डा म्हणजे एका ओळीतलं बिननावाचं फंक्शन. क्रमात नसलेलं मूल्य आलं तर हे कीएरर देऊन थांबतं. माझ्या पहिल्या प्रतीत अनोळखी मूल्य गुपचूप शेवटी जात होतं. मग एक दिवस 'मध्यम'पुढे चुकून एक स्पेस टाइप झाली आणि मध्यम मालाच्या नोंदी लहान आणि मोठ्याच्याही खाली जाऊन बसल्या. तेव्हापासून अनोळखी मूल्यावर थांबायचं हेच ठेवलं.

चौथं: मराठी आडनावं

इथे मात्र बसून घ्या. काळे, कावळे, काशीकर, कासार ही आडनावं पायथॉनला दिली तर तो याच क्रमाने लावतो, काळे सर्वांत वर. मुनीमजी म्हणतात, काळे सर्वांत खाली. मुनीमजी बरोबर आहेत. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. पण कॉम्प्युटरला वर्णमाला माहीत नाही, त्याला युनिकोडमधला प्रत्येक अक्षराचा क्रमांक तेवढा माहीत. ऑर्ड या फंक्शनाने तो बघता येतो: ल २३५४, ळ २३५५, व २३५७, ह २३६१. ळ ल ला चिकटून बसला आहे.

उपाय सोपा आहे: तुलना करण्यापुरता ळ ला ह च्या पुढचा, २३६२ हा क्रमांक द्यायचा. त्या क्रमांकावर काश्मिरीसाठीची एक मात्रा आहे, मराठी नावांत ती येत नाही. आपल्या काना-मात्रा २३६६ पासून सुरू होतात, त्यामुळे त्यांच्याशी टक्कर नाही.

दुसरी भानगड ॲ ची. ॲड. असं नावाआधी लावणारे वकील बागायतदार आमच्याकडे दोन आहेत, आणि ते यादीत ह च्याही खाली गेले. ॲ चा क्रमांक २४१८, सगळ्या व्यंजनांनंतरचा. शिवाय काही कीबोर्डांवर तो अ आणि वर चंद्र अशा दोन तुकड्यांत टाइप होतो. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या निराळ्या रूपांना एका रूपात आणायची रीत, त्यांना एक करत नाही. म्हणून दोन्हींना हातानेच ऍ करायचं. त्याचा क्रमांक २३१७, ए च्या आधीचा.

तिसरी भानगड आमच्या शेजारच्या प्रांताच्या नावातच आहे. वऱ्हाड. आणि वऱ्हाडे हे आडनाव. यातला ऱ्ह लिहायच्या निदान तीन तऱ्हा आहेत: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र ला हलन्त देऊन त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखे. एकाच बागायतदाराची तीन खाती यादीत तीन जागी पडली तेव्हा मला हे कळलं. पहिल्या दोन तऱ्हा नॉर्मलायझेशनने एक होतात, तिसरी होत नाही.

बदल = {
    २३५५: २३६२,
    २३५३: 'र',
    २४१८: 'ऍ',
    ८२०४: नन,
    ८२०५: नन,
}

डेफ मराठी(नाव):
    नाव = युनिकोडडेटा.नॉर्मलाइज('एनएफसी', नाव).स्ट्रिप()
    नाव = नाव.रिप्लेस('अॅ', 'ऍ')
    रिटर्न नाव.ट्रान्सलेट(बदल)

२३५३ म्हणजे ऱ. तो आकड्यानेच लिहिला आहे, कारण तुमच्या कीबोर्डाने तो दोन तुकड्यांत टाइप केला तर ऑर्ड अडून बसेल. ८२०४ आणि ८२०५ ही जोड तोडणारं आणि जोडणारं अशी न दिसणारी चिन्हं, ती काढून टाकायची. या सगळ्यानंतर तिन्ही तऱ्हेचे वऱ्हाडे एकच होतात. हे फंक्शन फक्त की म्हणून वापरा. त्यातून बाहेर पडणारा मजकूर छापायचा नाही, ळ च्या जागी तिथे भलतंच काही दिसेल.

राहिला क्ष. क्षीरसागर क मध्ये शोधायचा की वर्णमालेच्या तक्त्याप्रमाणे शेवटी? पायथॉन तो क मध्ये घालतो, कारण त्याच्यासाठी क्ष म्हणजे क, हलन्त, ष. दोन्ही रीती लोकांच्या वापरात आहेत, तेव्हा हे फंक्शनाने ठरवू नये, वापरणाऱ्याला विचारावं. मुनीमजींच्या खातेवहीत क्ष आणि ज्ञ शेवटच्या पानांवर आहेत, म्हणून मी क्ष_शेवटी नावाचा पॅरामीटर दिला. तो ट्रू असेल तर ट्रान्सलेटच्या आधी 'क्ष' च्या जागी २३६३ आणि 'ज्ञ' च्या जागी २३६५ क्रमांकाचं चिन्ह घालायचं. मधला २३६४ नुक्त्याचा आहे, तो सोडला. पॅरामीटर हा एवढाच. 'श्री' काढून टाका, आडनाव आधी घ्या, अशा मागण्याही आल्या. त्या नाव साफ करण्याच्या आहेत, क्रम लावण्याच्या नाहीत, त्यांना वेगळं फंक्शन.

हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळी नावं एकाच यादीत असतील तर हे जुगाड पुरणार नाही. त्यासाठी आयसीयू ही लायब्ररी आहे आणि पायथॉनमधून ती पायआयसीयूच्या वाटेने वापरता येते. तिला भाषा मराठी म्हणून सांगितली की ती त्या भाषेच्या नियमांनी की काढून देते. आमच्या अडतीच्या जुन्या मशीनवर ते बसवण्यापेक्षा मला वरच्या पंधरा ओळी सोप्या पडल्या.

गाळे

गाळा २, गाळा १०. अक्षरांनी लावलं तर १० आधी येतो. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या स्प्लिटने मजकूर आकड्यांच्या जागी तोडायचा, आकड्यांचा तुकडा कंसात पकडायचा आणि त्याचा इंट करायचा. असं तोडल्यावर तुकडे नेहमी मजकूर, आकडा, मजकूर अशाच क्रमाने येतात, मजकूर रिकामा असला तरी, म्हणून अक्षराची संख्येशी तुलना होत नाही. गंमत म्हणजे इंटला '१०' हे देवनागरीतलं दिलं तरी दहा कळतं. तयार हवं असेल तर नॅटसॉर्ट नावाचं पॅकेज आहे.

तपासणी

सॉर्टच्या टेस्ट लिहिताना लोक एक यादी देतात, एक उत्तर तपासतात आणि थांबतात. त्यात सगळी मूल्यं वेगवेगळी असतात, म्हणून खरी चूक सापडतच नाही. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक फंक्शनाला निदान एवढं असतं: रिकामी यादी, एकच नोंद, सगळ्या नोंदी कसोटीवर सारख्या, आणि त्या आल्या त्याच क्रमाने परत मिळायला हव्यात, चढत्यातही आणि उतरत्यातही, काही नन, काही नॅन, आणि मूळ यादी हलली नाही याची खात्री. तिसरी टेस्ट आधी असती तर नरखेडवाल्यापुढे मामांची मान खाली गेली नसती.

आडनावांसाठी:

नावं = ['काळे', 'कासार', 'कावळे', 'काशीकर']
असर्ट सॉर्टेड(नावं, की=मराठी) == ['कावळे', 'काशीकर', 'कासार', 'काळे']

आणि वऱ्हाडे तिन्ही तऱ्हांनी. टेस्टमध्ये ते नुसते टाइप करू नका, एडिटर कधीकधी परस्पर एक करून टाकतो. क्रमांकांवरून सीएचआर या फंक्शनाने तयार करा.

भाषेतच घालायचं मनात आलं तर

आपलं फंक्शन चांगलं चाललं की वाटतं, हे भाषेच्या लायब्ररीतच का नाही? मलाही वाटलं होतं. तिथला रस्ता किती लांब असतो ते आधी बघून ठेवा.

गो १ आली २०१२ मध्ये. सॉर्ट पॅकेजमध्ये पूर्णांक, अपूर्णांक आणि अक्षरमाला लावायला तयार फंक्शनं होती. बाकी कशासाठीही आपला वेगळा टाइप (माहितीचा प्रकार) बनवून त्याला लेन (लांबी), लेस (दोघांत लहान कोण) आणि स्वॅप (अदलाबदल) अशा तीन मेथड द्याव्या लागत. लेन आणि स्वॅप प्रत्येक ठिकाणी अक्षरशः तेच, बदलायचा तो लेस. लोकांनी हे वर्षानुवर्षं लिहिलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये गो १.८ ने सॉर्ट.स्लाइस दिलं (स्लाइस म्हणजे गोमधली यादी), त्यात फक्त लेस द्यायचा. तरी एक खोच राहिली: तो लेस मूल्यं घेत नाही, जागांचे क्रमांक घेतो, आणि भलत्याच स्लाइसमधून मूल्यं उचलणारे नवखे तिथे फसतात. शिवाय सॉर्ट.स्लाइस स्थिर नाही, स्थिर हवं असेल तर स्लाइसस्टेबल वेगळं. २०२२ मध्ये गो १.१८ मध्ये जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन अनेक टाइपांसाठी लिहिण्याची सोय, आले, आणि ऑगस्ट २०२३ च्या गो १.२१ मध्ये स्लाइसेस हे पॅकेज. त्याच्या सॉर्टफंकला थेट दोन मूल्यं मिळतात. जुनी फंक्शनं मात्र काढली नाहीत, काढता येत नाहीत. गो १ चं वचनच आहे की जुना कोड चालत राहील.

भाषेच्या लायब्ररीची खरी अडचण ही आहे. तुमच्या फाइलमधलं 'वरचे_काही' तुम्ही दोन मिनिटांत पुसलं. तिथे गेलेलं नाव बरं असो वाईट असो, कायमचं बसतं. म्हणून आधी कोड न लिहिता प्रस्ताव मांडायचा असतो, आणि त्यात तीन गोष्टी दाखवायच्या: आज लोक हे काम कसं करतात त्याचे खरे नमुने, ते करताना नेमके कुठे चुकतात, आणि बाहेरच्या पॅकेजने का भागत नाही. 'टाइप कमी करावं लागेल' यावर कोणी बधत नाही.

पायथॉनमधलंच उदाहरण घ्या. सॉर्टला की मिळाली २००४ मध्ये, पायथॉन २.४ ला. लागलेल्या यादीत जागा शोधणाऱ्या बायसेक्ट मॉड्यूलला तीच की मिळायला २०२१ उजाडलं, पायथॉन ३.१०. सतरा वर्षं. मधल्या काळात डॉक्युमेंटेशनमध्ये नकाराचं कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: सॉर्टमध्ये की प्रत्येक नोंदीला एकदाच लागते, पण बायसेक्टमध्ये दर शोधाला ती पुन्हा पुन्हा काढावी लागेल आणि आधीचं काहीच लक्षात राहणार नाही. आता ती सोय आहे, पण ही अडचण अजून तशीच आहे. म्हणून आडनावांच्या मोठ्या यादीत वारंवार शोधायचं असेल तर 'मराठी' बायसेक्टला की म्हणून देऊ नका. सगळ्या नावांच्या की एकदाच काढून वेगळ्या यादीत ठेवा, शोधायच्या नावालाही 'मराठी' लावा, आणि त्या यादीत शोधा.